खिडकीला मल्चिंग पेपर

आमच्या घरात राग आटत नाही. उन्हाळ्यात विहीर आटते, कॅनॉलचा फाटा आटतो, म्हशीचं दूध आटतं, पण राग बारमाही. मामंजींचा वेगळा, नवऱ्याचा वेगळा, आणि माझा तर शिवणाच्या मशीनबरोबर बावड्याहून आलेला. माझ्या वडलांनी लग्नाच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, पोरगी कामाला वाघ आहे, पण तिच्या वाटेला जाऊ नका. सासरच्यांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं.

निमगाव केतकीपासून जरा आत आमची वस्ती. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला गोठा, आणि तीन अंगांनी ऊस. ऊस लहान असतो तोवर घरात सगळीकडून उजेड येतो. तो डोक्याच्या वर गेला की घर खड्ड्यात बसल्यासारखं होतं. मग उजेडाला एकच वाट राहते, पुढच्या खोलीची मोठी खिडकी, कारण त्या अंगाला अंगण आहे. त्या खिडकीखाली माझी मशीन. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका माझ्याकडून ब्लाऊज शिवून घेतात, गावातल्याही येतात. बाकी घरभर मी सून, बायको, आई आणि बिनपगारी गडी. खिडकीखाली बसले की मात्र मी मीच. तिथं बसून मी कुणालाही 'थांबा जरा' म्हणू शकत होते, मामंजींनासुद्धा. त्या एवढ्याशा जागेसाठी आमच्या घरात रक्त सांडलं, आणि ते माझंच होतं.

सुरुवात टीव्हीपासून झाली. डीपीवरचा, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल गेला आणि एका संध्याकाळी घरातला बल्ब एकदम पांढराफटक पेटला, पंखा किंचाळायला लागला आणि टीव्हीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. जळकट वास सुटला. नवरा जेवत होता. तो उष्ट्या हातानं उठला, मेलेला टीव्ही कवेत घेऊन अंगणात गेला आणि त्याच्यावर त्यानं पहार घातली. काचा, तारा, पत्रा सगळं अंगणभर. म्हटलं, "अवं, त्यानं काय केलंय?"

"मग कुणाला हाणू? डीपीला हाणली तर मीच मरंल."

मी केरसुणी घेतली.

टीव्ही नाही म्हटल्यावर घरातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली आणि ते काही कुणाला मानवलं नाही. मामंजी पूर्वी तालमीत जाणारे. त्यांना कुस्त्या आणि बातम्या लागतात. त्या बंद झाल्यावर ते माझ्या भाकरीची जाडी मोजायला लागले. अशात नवरा मोटारीचं सामान आणायला बारामतीला गेला आणि येताना एक खोका घेऊन आला. म्हणाला, आता टीव्ही न्हाय, आता प्रोजेक्टर. टीव्ही जळतो, फुटतो. हा भिंतीवर चित्र पाडतो, भिंत काय जळणार?

दुकानदारानं त्याला काळे पडदे लावलेल्या खोलीत नेऊन बसवलं होतं म्हणे. कोंबडीवर डालगं झाकलं की ती रात्र समजून गप्प बसते. आमचा माणूस तसाच त्या खोलीत बसला असणार आणि विकत घेऊनच उठला असणार. आपल्या घरात तसले पडदे कुठं आहेत, हे त्याच्या डोक्यात बारामतीत आलं नाही, इंदापूरच्या रस्त्यावर आलं नाही आणि घरी आल्यावरही आलं नाही.

प्रोजेक्टरला मोकळी भिंत लागते. आमच्याकडं धड रंगवलेली भिंत एकच, आणि तिच्या मध्यावर सासूबाईंचा हार घातलेला फोटो. नवऱ्यानं तो उतरवून दिवाणावर ठेवला. मामंजी बाहेरून आले. त्यांनी मोकळी भिंत बघितली, दिवाण बघितला, पायातली चप्पल काढली आणि मिशी पांढरी व्हायला लागलेल्या, एका पोरीचा बाप असलेल्या आपल्या लेकाच्या पाठीत हाणायला सुरुवात केली. "आईला उतरीवतोस व्हय रं? तमाशा बघाय आईला उतरीवतोस?" नवऱ्यानं बापावर हात उचलला नाही. तो मुकाट मार खाऊन बाहेर गेला आणि त्यानं पाण्याची बादली लाथेनं गोठ्यापर्यंत घालवली. आमच्याकडचा राग पाटाच्या पाण्यासारखा वरून खाली वाहतो. मामंजींचा नवऱ्यावर, नवऱ्याचा बादलीवर नाहीतर माझ्यावर, माझा पोरीवर आणि पोरीचा वासरावर. वासराच्या खाली कुणी नाही, म्हणून ते बिचारं दाव्याला हिसके देतं.

शेवटी सासूबाई समोरच्या भिंतीवर गेल्या. आता त्या सगळ्यांच्या पाठीमागून अख्खा कार्यक्रम बघतात. जिवंतपणी त्यांना कुणी कधी टीव्हीसमोर निवांत बसू दिलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी चित्र उलटं पडलं. बातम्या देणाऱ्या बाईचे पाय वर आणि डोकं जमिनीला, अशी मामंजींनी ती मान वाकडी करून बरीच ऐकली. मग नवऱ्याला कुठलं तरी बटण सापडलं आणि बाई सरळ झाली. तिचं तोंड आमच्या दारापेक्षा मोठं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. फार आवडलं. माझ्या मालिकेतल्या सासूच्या नाकातली नथ ताटाएवढी दिसत होती, साडीच्या काठातलं विणकाम दिसत होतं, आणि ब्लाऊजची बाही कुठं चुकलीय तेही दिसत होतं. मामंजींनी कुस्ती लावायला लावली. खऱ्या माणसांएवढे पैलवान भिंतीवर आले तेव्हा मामंजी आपसूक सरकून मागं बसले, जागा करून दिल्यासारखे. "हाण, पट काढ, पट काढ," म्हणून ओरडायला लागले. आमची लेक टाळ्या वाजवत होती. कितीतरी दिवसांनी आम्ही एका भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. तो खोका फक्त संध्याकाळचाच राहिला असता तर मी आज त्याची आरती केली असती.

पण आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पुरुषमाणसं रात्रभर उसात पाणी धरतात. हातात बॅटरी, पायात गमबूट आणि मनात बिबट्या. मोटार मध्येच बंद पडते, पाट फुटतो, साप आडवा जातो. सकाळी माणूस चिखलात बरबटलेला घरी येतो. अंग मोडून आलेलं असतं, पण डोकं काही झोपत नाही. मग तो दुपारभर टीव्ही बघत लोळतो, बघता बघता कधीतरी डोळा लागतो. नवऱ्याचं त्यात काही खोटं नव्हतं. एवढं एकच सुख त्याला त्या आठवड्यात असायचं, ते मी कधी हिसकावलं नव्हतं.

तर प्रोजेक्टर आल्यानंतरचा पहिला रात्रीचा आठवडा आला. सकाळी आंघोळ करून नवऱ्यानं खोका चालू केला. भिंत पांढरी ती पांढरीच. खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं, त्यात चित्र कसलं दिसतंय. आवाज येत होता, माणसं भांडत होती, गाड्या उडत होत्या, आणि भिंतीवर काहीच नाही. त्यानं खोका हलवला, बडवला, त्याच्या आईवरून शिव्या दिल्या. मी खिडकीखाली बसून हूक लावत होते. मला हसू आलं. ते मी दाबलं नाही, तेवढं त्याच्या मनात राहिलं असावं.

दुपारी मी गवताचा भारा घेऊन घरी आले. दारातून आत पाऊल टाकलं तर समोर काही दिसेना. वाटलं, उन्हातनं आले, अंधारी आली. मग कळलं, अंधारी मला आली नव्हती, घराला आली होती. खिडकीला मल्चिंग पेपर ठोकला होता. कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरून उरलेला, प्लॅस्टिकचा, वरून चंदेरी आणि खालून काळा. एकावर एक दोन थर देऊन, कडेनं लाकडी पट्ट्या मारून, एक फट म्हणून ठेवली नव्हती. भिंतीवर एक माणूस दुसऱ्याला जीपमागं बांधून फरफटत नेत होता.

"चंदेरी बाजू उनाकडं, काळी आत," नवरा म्हणाला. "रानात लावतो तसंच लावलंय. काय दिसतंय बघ, थेटरावानी." स्वतःवर फार खूश होता.

"आन् माझी मशीन?"

"बल्ब लाव की."

बल्ब लावला. भिंतीवरचा माणूस, जीप, धूळ, सगळं धुऊन निघाल्यासारखं फिकट पडलं. मामंजी आणि नवरा एका आवाजात ओरडले, "बंद कर, बंद कर."

"मग मी शिवू कसं?"

"आठवडाभर न्हाय शिवलं तर काय आभाळ कोसळतंय?"

मल्चिंग कशाला अंथरतात ते मला त्यानंच शिकवलं होतं. खालच्या तणाला उजेड मिळत नाही, ते आधी पिवळं पडतं, मग मरतं. पिकाच्या रोपापुरतं मात्र कागदाला भोक पाडतात. आमच्या खिडकीच्या कागदाला भोक नव्हतं. म्हणजे ह्या घरात पीक कोण आणि तण कोण, ते मला बरोबर कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कात्री घेतली आणि कागदाचा कोपरा चरचर फाडला. उन्हाचा एक पट्टा भिंतीवर पडला, त्यात जीप विरघळली.

नवरा उठला. त्यानं माझा अंबाडा धरून मागं खेचलं. माझं कपाळ मशीनच्या कडेवर आपटलं. मी कात्रीची मूठ त्याच्या मनगटावर हाणली, पात्याकडची बाजू हाणली नाही, हे माझे उपकार. लेक दारात उभी राहून रडायला लागली. मामंजी दिवाणावरून म्हणाले, "दोघं बी दमानं घ्या."

"मामा, खिडकी माझी बुजवलीया. दमानं मीच घ्यायचं का?"

"टीव्ही सगळ्या घराचा हाय," नवरा म्हणाला. "मशीन तुझ्या एकटीची." आणि त्यानं फाटलेल्या कोपऱ्यावर आणखी एक पट्टी मारली. हातोड्याचा प्रत्येक घाव माझ्याकडं बघून घातला.

माझ्या कपाळावर टेंगूळ आलं, त्याचं मनगट सुजलं, आणि संध्याकाळी आम्ही एकाच ताटातली चटणी खाल्ली. संसार म्हणजे असाच असतो असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही पूर्ण वाटेनासं झालेलं नाही.

मी मशीन गोठ्याशेजारी पत्र्याखाली नेली. आगीतून उठून फुफाट्यात. उजेड होता, पण उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं गेल्या की धूळ यायची, माशा घोंघावायच्या, आणि म्हशीला माझा हेवा वाटत असावा. तिनं शेणात बरबटलेलं शेपूट एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजवर असं काही हाणलं की डाग निघता निघेना. ती बाई आली, कापड उजेडात धरून बघितलं, मला वाईट शब्द बोलली नाही. आपलं दुसरं कापड, जे शिवायला टाकलं होतं, ते उचललं आणि गावात दुसरीकडं नेऊन दिलं. तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मारायला मारता येतं. कापड उचलून नेणाऱ्या बाईला काय करणार?

त्या रात्रीच्या आठवड्यामागून दिवसाचा आला, पण कागद निघाला नाही. नवरा म्हणाला, काढा-लावा कोण करीत बसणार, परत रात्रीचा येणारच हाय. मामंजींना तर अंधार मानवायलाच लागला. सकाळच्या बातम्यांपासून ते भिंतीसमोर. कुस्त्या संपल्या की कुठलातरी मारामारीचा सिनेमा. दक्षिणेकडचे डब केलेले सिनेमे असतात ना, एकाला मारायला वीस येतात आणि वीसच्या वीस आडवे होतात. टीव्हीत ते बरे होते, टीचभर होते. इथं कोयता काढला की तो आमच्या तुळईएवढा. मुंडकं उडालं की ते भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायचं, आणि रक्त आमच्या कपाटाच्या आरशापर्यंत यायचं. आवाजासाठी नवऱ्यानं मोठा स्पीकर जोडला होता. हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरातल्या भांड्यांना ऐकू जायचा, ती थरथरायची.

घरातलं बोलणंही बदललं. मामंजी चहा मागताना ओरडायचे, कारण साधं बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. लेक अंगणात दुधीभोपळ्याला बाई करून तिचा गळा चिरायची. मी तिच्या हातातून विळी काढून घेतली तर म्हणाली, "आई, ही वाईट बाई हाय, हिला मारायचंच असतंय." मी तिला रट्टा दिला. म्हणजे पाणी बरोबर पाटानं वाहत होतं.

अशात शेजारच्या वस्तीवरच्या एका पोरीचं लग्न ठरलं. तिच्या हळदीचा पिवळा ब्लाऊज मी शिवून देते म्हणून शब्द दिला होता. ती पोरगी लहानपणी माझ्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करायची, तिला मी नाही म्हणणार नव्हते. आणि मला दाखवायचंही होतं सगळ्यांना, की माझं काम अजून चालू आहे, अजून माझ्याकडंच लोक येतात. गोठ्यात तो पिवळा कपडा न्यायची माझी छाती झाली नाही. मी मशीन परत आत आणली. बल्ब बंद. नवऱ्यानं उदार होऊन सांगितलं, "बस की कोपऱ्यात, तुला कोण उठीवतंय?"

मी कोपऱ्यात बसले. मोबाईलची बॅटरी लावली तर 'डोळ्यावर येतंय' म्हणून दोघं खेकसले. मग मी सिनेमाच्या उजेडात शिवायला शिकले. ऐकून हसू येईल. भिंतीवर वाळवंट आलं, बर्फ आला, गाडीचा स्फोट झाला, की खोलीत लख्ख व्हायचं आणि मला दोरा ओवता यायचा. गाण्यात बऱ्यापैकी उजेड असायचा, एका गाण्यात एक बाही व्हायची. अंधारातलं काही आलं की मशीन थांबवून बसायचं. मारणारे आणि मरणारे माझे दिवे झाले होते.

त्या दुपारी उन्हातली मारामारी चालली होती. चांगला उजेड. मी गळ्याची पट्टी पकडून मशीन चालू केली. माझ्या मशीनला मोटर आहे, पायाखाली नुसतं दाबलं की ती पळत सुटते. डाव्या हाताचं बोट पट्टीला लावून मी सरळ नेत होते. आणि भिंतीवर कुणीतरी दार उघडून एका काळ्या खोलीत शिरलं. क्षणात सगळं काळं. माझा पाय उचलायला उशीर झाला.

सुई नखातून आत गेली आणि खालून बाहेर आली. तिथंच अडकली. मशीन गुरगुरत थांबली.

मी किंचाळले. कशी किंचाळले ते मला अजून ऐकू येतं. बाळंतपणात मी तशी ओरडले नव्हते. आणि त्याच वेळी भिंतीवरच्या काळ्या खोलीत कुणीतरी एका बाईला भोसकत होतं, तीही ओरडत होती. माझा आवाज तिच्या आवाजात गेला. तीन माणसं बसली होती खोलीत. माझा सासरा, माझा नवरा, माझी पोटची पोर. एकानंही मान वळवली नाही.

मी पुन्हा ओरडले. मामंजी म्हणाले, "लई वरडतीय ही. मारून टाक म्हणावं एकदाची."

नवरा हसला. म्हणाला, "आता मरंल बघा."

त्यानंतर मी ओरडले नाही. सुईत बोट अडकलं की हिसका देऊन चालत नाही, मांस फाटतं. उजव्या हातानं चाक उलटं फिरवून सुई वर काढावी लागते. मी चाक फिरवलं. सुई वर येताना आधी नखाच्या आत मोडली, मग उरलेली वर आली. हे सगळं मी अंधारात, चाचपडत, माझ्या माणसांपासून हातभर अंतरावर केलं. पिवळ्या कापडावर काय सांडत होतं ते मला दिसत नव्हतं, फक्त ओलं लागत होतं.

मी उठले आणि प्रोजेक्टरच्या उजेडातून सरळ चालत गेले. नवरा म्हणाला, "ए, सरक की." मी सरकले. बाहेर गेले. पडवीत पहार टेकवलेली होती, ती उचलली. जड असते पहार. त्या दिवशी ती मला लाटण्याएवढी लागली.

अंगणातून मी खिडकीवर पहिला घाव घातला. चंदेरी कागद फाटला. दुसऱ्या घावाला पट्टी निघाली. तिथं थांबता आलं असतं. पण कागद काढला तर उद्या परत लागला असता, हे मला माहीत होतं. म्हणून मी पहार चौकटीखाली घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. चौकट करकरली. विटा सुटल्या. मी रडत होते की शिव्या देत होते, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. ज्यांचं नाव तोंडात घेऊ नये त्या सगळ्यांना मी त्या दुपारी घेतलं. चौकट एका अंगानं बाहेर आली आणि गजांसकट तुळशीवर कोसळली.

नवरा धावत आला. मला मारायलाच आला होता, हात उगारलेला होता. आणि तो दोन पावलांवर थांबला. माझा हात कोपरापर्यंत लाल होता, पहार लाल होती, साडीवर, चेहऱ्यावर, सगळीकडं रक्त. त्याच्या तोंडाचा रंगच गेला. तो माझ्या मागं बघायला लागला, गोठ्याकडं, रस्त्याकडं.

"कुणाला मारलंस?" तो म्हणाला. "आगं, कुणाला मारलंस?"

"मला," मी म्हटलं. "आत मारलं. तुमच्या म्होरं. तुमी बघत हुता."

त्याला काही समजेना. मी त्याच्या तोंडासमोर बोट धरलं. नख दुभंगलं होतं आणि मधून सुईचं टोक चमकत होतं. पडलेल्या खिडकीतून आतला सिनेमा ऐकू येत होता, ती बाई अजून ओरडत होती. नवऱ्यानं तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्याला कळलं. कळलेलं मला दिसलं. माणसाच्या कानफटात मारल्यावर तो जसा डोळे मिटतो, तसे त्यानं मिटले.

पहार त्यानं माझ्या हातून ओढली, मी सोडेना. "सोडा, न्हायतर आता खरंच कुणाला तरी घालीन," मी म्हटलं. तो म्हणाला, "घाल. मला घाल. पण आदी दवाखान्यात चल." मग मी सोडली.

गाडीवर मागं बसून इंदापूरला गेलो. त्याचा टॉवेल माझ्या हाताला गुंडाळलेला. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. नवरा म्हणाला, मशीनवर झालं. मी म्हटलं, अंधारात झालं. डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं आणि चिमटा घेतला. टोक काढताना नवऱ्यानं माझा दंड धरला होता. मी त्याच्या हाताला चावले. दुखत होतं म्हणून चावले, आणि दुखत नसतं तरी चावले असते.

घरी आलो तर मामंजी अंगणात विटांवर बसलेले. उरलासुरला कागद त्यांनी ओढून काढला होता. माफी त्यांनी जन्मात कुणाची मागितली नाही, माझीही मागितली नाही. लेकीला म्हणाले, "आईला च्या ठेव." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं, टीव्हीतली बाय हाय."

"टीव्हीतली असती तरी, मामा," मी म्हटलं, "तिला कशापायी मारून टाकायचं?"

चहा निवून गेला तरी ते कप धरून बसले होते.

पिवळं कापड मी थंड पाण्यात मीठ घालून धुतलं. डाग गेला. पट्टी बांधलेल्या हातानं, अंगणात बाज टाकून, ब्लाऊज वेळेत दिला. पोरगी त्यात गोड दिसली. तिला काही सांगितलं नाही, हळद लागलेल्या अंगाला असलं काय सांगायचं.

खिडकीचं भगदाड एवढं झालं होतं की जुनी चौकट त्यात बसेना. गवंडी म्हणाला, विटा लावून बारीक करून देतो. मी म्हटलं, "बारीक करायचं न्हाय. हाय एवढीच ठेवायची." आता तिथं दुप्पट मोठी खिडकी आहे. तिला मल्चिंग लावायचं म्हटलं तर रानातलं सगळं काढून आणावं लागेल. प्रोजेक्टर दिवस मावळल्यावर लागतो. रात्रीच्या आठवड्यात नवरा दुपारी मोबाईल छातीवर ठेवून घोरतो. आमची भांडणं संपली असं कुणी समजू नये. परवाच मी त्याच्यावर तांब्या फेकला आणि तो त्याला लागला.

माझं नख वाकडं आलं. टाके घालताना कापड त्यात अडकतं.

सिनेमे अजून तसलेच असतात, मारामारीचे. मी बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असते. भिंतीवर एखादी बाई किंचाळली की नवरा लगेच आवाज कमी करतो. मालिका असो, सिनेमा असो, बातम्या असोत. मान वळवून हाक मारतो, "काय गं? तू हाईस का?"

मी लगेच ओ देत नाही. हातातलं काम तसंच चालू ठेवते. मग तो उठतो, दारापर्यंत येतो आणि आधी माझ्या दोन्ही हातांकडं बघतो. बघून झालं की मी म्हणते, "जावा, बसा. मेली आसंल ती एव्हाना."